राखून ठेवलेली किडनी

प्रिय ताई,

तुझ्या नकाराचं खरं कारण मला परवा भाऊजींकडून कळलं. आजवर तू सांगायचीस, तुझ्या पोरी लहान आहेत, तुझी नोकरी फिरतीची आहे, तुला काही झालं तर अप्पांना काय तोंड दाखवू. एकेका गोष्टीला मी उत्तर द्यायचो आणि तू सगळं ऐकून घेऊन "बघू रे" म्हणायचीस. भाऊजी म्हणाले, ती तुझ्यापाशी कधी बोलायची नाही, पण तिच्या डोक्यात सोन्या आहे. धाकट्याची किडनी मी घेतली आणि उद्या माझ्या पोराला लागली, तर कुणाकडं जायचं? घरात निरोगी किडन्यांचा एकच माणूस आहे, तो पोरासाठी राहू दे.

भाऊजींवर रागावू नकोस. त्यांना राहवलं नाही. मलाही आता राहवत नाही, आणि फोनवर तुझा आवाज जड झाला की माझं बोलणं तिथंच संपतं. म्हणून सगळं कागदावर मांडतोय. क्लासच्या मुली घरी गेल्या की निवांत वाच.

आजोळापासून सुरुवात करतो, कारण तुझी भीती तिथलीच आहे. आपल्या लहानपणी त्या घराला शाप आहे असं बायका उघड बोलायच्या. आजी पोट फुगून गेली. मोठा मामा ऐन चाळिशीत, डोक्यात कळ आली म्हणून सोप्यात आडवा झाला तो उठलाच नाही. मग आईचं दुखणं निघालं. कुणी म्हणायचं देवीचं काहीतरी राहिलंय, कुणी म्हणायचं वाड्याची जागा बाधली. मिरजेच्या डॉक्टरांनी आईची सोनोग्राफी केली आणि अप्पांना कळेल अशा भाषेत सांगितलं: तासगावकडचे ना तुम्ही, मग द्राक्षाचा घड डोळ्यांपुढं आणा, बाईंच्या किडन्या तशा झाल्यात. सगळीकडं पाण्याचे फोड, मधे चांगली जागा उरलेलीच नाही.

पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. ओपीडीत सगळे पीकेडीच म्हणतात. हजारात साधारण एकाला असणारा हा आजार, आपल्या एकट्याच्या घरावर कोसळलेला नाही. बहुतेक कुटुंबांत सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी-१ या जनुकात खोट असते, काहींत चौथ्यावरच्या पीकेडी-२ मध्ये. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. खोट असलेली एक जरी वाट्याला आली तरी आजार होतो. म्हणून प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मुलगा असो की मुलगी, थोरलं असो की धाकटं, दर वेळी हिशेब नव्यानं सुरू होतो. मोठ्या मामाचं जाणंही बहुधा यातलंच. या आजारात मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि म्हणूनच मामाचं ऐकल्यावर डॉक्टरांनी तुझ्या मेंदूचा स्कॅन करायला लावला. पीकेडी-१ हे जनुक नेमकं सापडलं १९९४ मध्ये. त्याच सुमाराला आपल्या घरात आईवरून नारळ उतरवले जात होते. शाप म्हटलं की कुणाचा तरी अपराध शोधावा लागतो. आजीनं काही केलं नव्हतं, आईनं काही केलं नव्हतं. सोन्याला आपण काही वाईट दिलं असेल असं तू रात्री जागून स्वतःला सांगत असशील, तर ते थांबव. त्याच्या पोटात असताना तुझं बीपी वाढलं तेव्हाच्या सोनोग्राफीत तुझं तुलाच पहिल्यांदा कळलं. त्याआधी तुला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

माझी सोनोग्राफी झाली तो दिवस मी तुला कधी नीट सांगितला नाही. डॉक्टरबाई गार जेल लावून प्रोब फिरवत होत्या. आधी उजवीकडं, मग कुशीवर वळायला लावून डावीकडं. "श्वास धरा. सोडा." पडदा माझ्याकडं वळवलेला होता, पण राखाडी धुरकट पट्ट्यांपलीकडं मला काही कळत नव्हतं. त्यांनी दोन टोकांना दोन फुल्या मारल्या आणि आकडा उमटला, १०.४ सेंटिमीटर. तुझ्या मागच्या रिपोर्टवर डाव्या किडनीपुढं १९ लिहिलेलं होतं. मी एवढंच विचारलं, "फोड?" त्या म्हणाल्या, "एकही नाही." चाळिशी ओलांडलेल्या माणसात, घरात आजार असूनसुद्धा, दोन्ही किडन्या मिळून दोन फोडही दिसले नाहीत तर आजार नाही असं धरतात. टेबलावरून उतरताना पहिल्यांदा माझ्या पोरींचे चेहरे डोळ्यांपुढं आले. माझ्यात नाही म्हणजे त्यांच्यातही येणार नाही, हा आजार मधली पिढी सोडून पुढं उडी मारत नाही. आणि लगेच तू आठवलीस. एकाच आईची आपण दोघं. त्या आनंदाबरोबर जे वाटलं त्याला अजून मला शब्द सापडलेला नाही, आणि तुझ्यापुढं तो आनंद दाखवायला जीभ रेटली नाही. तूच फोन करून विचारलंस आणि कळल्यावर मोठ्यानं रडलीस, "सुटलास रे बाबा" म्हणालीस.

आता सोन्याचं बघू.

तो २० वर्षांचा आहे. त्याला हा आजार नसण्याची शक्यता निम्मी. नसेल, तर त्याच्यासाठी राखलेली किडनी माझ्याच पोटात राहील आणि तू तिच्यावाचून डायलिसिसवर असशील. आता, असेल असं धर. आपल्या घरात किडन्या थकतात त्या पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आसपास. आईच्या तेव्हाच थकल्या, तुझ्याही. सोन्या ४७ वर्षांचा होईल तेव्हा मी ७० चा असेन. तोवर मला बीपी झालेलं असेल, साखर झालेली असेल, काय सांगावं? आत्ता माझं बीपी, साखर, लघवीतलं प्रोटीन, सगळं जागेवर आहे म्हणून डॉक्टर मला घ्यायला तयार आहेत. सत्तरीच्या म्हाताऱ्याला ते सहजासहजी टेबलावर घेणार नाहीत. जी किडनी तू राखायला निघालीयस ती टिकाऊ वस्तू नाही, ताई. ती माझ्याबरोबर म्हातारी होत जाणार.

आणखी एक गोष्ट, जी मलाही हॉस्पिटलच्या समन्वयक मॅडमनी सांगितली तेव्हाच कळली. आपल्याकडचा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात जवळचे नातलग कोण ते स्पष्ट लिहिलंय: नवरा, बायको, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. २०११ च्या दुरुस्तीनं त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. मामा-भाचा त्यात नाहीत. तुला किडनी द्यायची तर आपण भावंडं आहोत एवढं कागदोपत्री दाखवलं की काम होतं. सोन्याला द्यायची झाली तर आम्हा दोघांना प्राधिकार समितीपुढं उभं राहून हे प्रेमापोटी चाललंय, पैशापोटी नाही, हे पटवून द्यावं लागेल. परवानगी मिळते, नाही असं नाही. पण जिच्यासाठी कायद्यानं दार सरळ उघडं ठेवलंय ती तू आहेस.

आणि सोन्यापुढं आईच्या काळासारखा अंधार नाही. फोडांची वाढ मंदावणारं टॉल्व्हॅप्टन नावाचं औषध आता आहे. सगळ्यांना चालत नाही, तहान फार लागते, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, पण आहे. लागण्याच्या वेळी त्याची बायको असेल, तिचा गट जुळला नाही तर दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करून प्रत्यारोपण करायची सोय कायद्यात आहे, मेंदुमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्या-मुंबईच्या झेडटीसीसीच्या यादीत नाव घालता येतं. आज घरात देणारं दुसरं कुणी नाही हे खरं. पंचवीस वर्षांनी कोण असेल हे आत्ता तू कसं ठरवणार?

हे सगळं झाल्यावरही तुझं मन वळणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मावशीचं लिहितो.

आईला मावशी किडनी देणार होती. आपल्याला हे अर्धवट माहीत होतं. मी गेल्या महिन्यात तिच्याकडं जाऊन सगळं विचारलं. गट जुळत होता. पुण्याला जायचं ठरत होतं, मावशीच्या सासऱ्यांनीसुद्धा होकार दिला होता. आईनं नको म्हणून सांगितलं. मावशीला ती काय म्हणाली माहीत आहे? "माझी दोघं आहेत. उद्या त्यातल्या कुणाला लागली तर तुझी असू दे." मावशी हे सांगताना चहाचा कप हातात धरून बसली होती, चहा तसाच. आई गेली तेव्हा ४६ वर्षांची होती. मावशी आज ७२ ची आहे. तू डॉक्टरांकडं जायला लागलीस तेव्हा ती मला न सांगता हॉस्पिटलात फोन करून चौकशी करून बसली होती, माझी चालेल का म्हणून. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर तिला बोलावलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "दोन्ही घेऊन म्हातारी झाले मी. तुझ्या आईला एक दिली असती तर तुमची लग्नं तिनं बघितली असती."

ताई, आईनं ती किडनी आपल्यासाठी राखली होती. ती कुणाच्याच उपयोगी पडली नाही. तुझ्या लग्नात आई नव्हती. सोन्याच्या वेळी तुला बीपीनं आडवं पाडलं तेव्हा उशाशी मावशी बसली होती, आई नव्हती. आई गेली तेव्हा मी सोळाचा होतो, तू विशीची, आणि त्या दिवसापासून घरची चूल तुझ्याकडं आली. तुझं शिक्षण तिथंच थांबलं. आईनं आपल्यावर माया केली यात शंका नाही. पण आपल्याला कधीतरी लागू शकेल अशा किडनीपेक्षा आपल्याला आई हवी होती. सोन्यालाही तसंच आहे. तो मागच्या महिन्यात माझ्याकडं आला होता, तुला न सांगता. "मामा, माझीच तपासा ना" म्हणाला. डॉक्टरांनी त्याला समजावलं की विशीत सोनोग्राफी स्वच्छ आली तरी आजार नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, एमआरआय किंवा जनुक-तपासणी करावी लागते, आणि या वयात त्याची किडनी घ्यायचा विचार ते करणार नाहीत. खालमानेनं ऐकत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मग आईला तूच दे." त्याची तपासणी कधी करायची, करायची की नाही, ते त्याचं त्यानं ठरवू दे, त्याच्यामागं लागू नकोस. वर्षातून एकदा बीपी मात्र मोजायला लाव, आणि डोकेदुखी-अंगदुखीवर मेडिकलमधून आणून पेनकिलर खाऊ देऊ नकोस.

आता डायलिसिस. "चार-पाच वर्षं काढीन की डायलिसिसवर, मग बघू" असं तू म्हणतेस. तुला आठवत नाही असं कसं होईल? मिरजेची एसटी, आठवड्यातून तीनदा सांगितलेलं आणि आपल्याला दोनदाच परवडायचं. चार तास मशीनवर, आणि घरी आली की भिंतीला टेकून बसायची, बोलायची ताकद नसायची. पाणी दिवसाला मोजून. उन्हाळ्यात ती माठाकडं पाठ करून बसायची. पाण्यानं ओठ ओले करायची आणि वाटी खाली ठेवायची, आणि आपण दोघं तहान लागली की तिच्या नजरेआड, परड्यात जाऊन पाणी प्यायचो. आता सोयी पुष्कळ सुधारल्यात, जिल्ह्या-जिल्ह्यात केंद्रं झालीत, मला मान्य आहे, आणि कित्येक माणसं डायलिसिसवर कामधंदा करून वर्षानुवर्षं राहतात. ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांचा तो आधार आहे. तुझ्यापुढं मार्ग आहे. तुझं क्रिएटिनिन चारच्या पुढं गेलंय, जीएफआर १३ आहे, म्हणजे डायलिसिस सुरू व्हायच्या आधी थेट प्रत्यारोपण करायची हीच वेळ. असं आधीच केलेल्यांचं पुढं जास्त चांगलं चालतं असं आपले नेफ्रॉलॉजिस्ट स्वतः सांगतात. थांबण्यात आणखी एक धोका आहे तो तुला कुणी सांगितला नसेल. रक्त कमी झालं आणि चढवावं लागलं तर शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. बाळंतपणानंही होतात. आज आपला क्रॉसमॅच निगेटिव्ह आलाय, म्हणजे तुझं रक्त माझ्या पेशींवर तुटून पडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी तो असाच येईल याची हमी कुणीच देणार नाही.

भावंडांत चारातल्या एकाचं टायपिंग पूर्ण जुळतं, दोघांचं निम्मं, एकाचं काहीच नाही. आपलं निम्मं जुळलंय. तुला वाटलं होतं निम्मं म्हणजे कमी पडलं. आताच्या औषधांवर निम्मं चांगलं चालतं, डॉक्टरांना त्याची काळजी नाही.

माझ्या धोक्याचंही लिहितो, लपवून काही ठेवत नाही. दहा हजार दात्यांमागं साधारण तिघांचा ऑपरेशनमुळं जीव जातो, असा जगभरचा अनुभव आहे. पुढं आयुष्यात माझी उरलेली किडनी बंद पडण्याचा धोका न देणाऱ्या तितक्याच निरोगी माणसापेक्षा जास्त राहील. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दात्यांमध्ये तो आयुष्यभरात दहा हजारांत सुमारे ९० निघाला, न देणाऱ्या निरोगी लोकांत १४. हा फरक खरा आहे आणि मी तो समजून घेतलाय. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णवांना तसं काही होत नाही. राहिलेली किडनी आकारानं वाढते आणि काही महिन्यांत दोघींचं मिळून जेवढं काम होतं त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास एकटी करायला लागते. दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवी तपासायची, पेनकिलर टाळायच्या, वजन वाढू द्यायचं नाही. एवढं मी करीन. डावी काढणार आहेत, तिची शीर लांब असते म्हणून तुझ्यात जोडायला सोपं जातं. दुर्बिणीतून काढतात आणि ओटीपोटावर छोटा छेद घेऊन बाहेर आणतात. आठवडाभरात मी घरी असेन, दीड महिना जड उचलायचं नाही, त्यानंतर कामावर. ऑफिसमधून रजेचं झालंय.

तुझ्यात ती उजवीकडं, जांघेच्या वरच्या अंगाला बसवतील. हात ठेवला की लागेल तुला. तुझ्या स्वतःच्या किडन्या शक्यतो आहेत तिथंच ठेवतात. फारच मोठ्या असल्या किंवा सारख्या रक्त आणि जंतुसंसर्ग करत असल्या तरच काढायचा विचार करतात. नव्या किडनीत हे फोड येणार नाहीत, कारण तिच्यातलं जनुक माझं आहे. गोळ्या मात्र जन्मभर. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून, चुकवायची नाही. पपनस खायचं नाही, त्यानं गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सुरुवातीला मास्क, बाहेरचं कच्चं काही नाही, गर्दीतली लग्नं नाहीत. जिवंत दात्याची किडनी चांगली चालली तर पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त टिकते. तेवढ्यात सोन्या पदवी घेईल, नोकरीला लागेल, तू सासू होशील. मला तुझी एवढी वर्षं हवी आहेत, आणि त्या वर्षांत तू मशीनला बांधलेली नको आहेस.

मुलाखतीसाठी गेलो तेव्हाचं एक तुला सांगायचं राहिलंय. बाहेरच्या बाकावर माझ्या एका बाजूला मुलाला किडनी देणारी आई बसली होती, दुसऱ्या बाजूला नवऱ्याला देणारी बायको. समोर आणखी एक बहीण, भावासाठी आलेली. पुरुष दाता मी एकटाच. फॉर्म भरून घेणाऱ्यांनी घेणाऱ्याच्या रकान्यात माझंच नाव घातलं होतं आणि देणाऱ्याच्या रकान्यात तुझं. मला ते खोडून दुरुस्त करायला सांगावं लागलं. देशभर हेच चित्र आहे. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त, आणि प्रत्यारोपण ज्यांचं होतं त्यांत पुरुष कितीतरी जास्त. बायकांच्या किडन्या काही कमी खराब होत नाहीत. त्यांच्यासाठी पुढं येणारं कुणी नसतं, आणि आलं तर त्या स्वतःच नको म्हणतात. तुझ्या सासूबाई म्हणाल्या ना, "बाईमाणसासाठी कर्त्या पुरुषाच्या पोटाला कशाला सुरी"? मला ते वाक्य लागलं, पण त्याहून जास्त लागलं ते हे की तू त्यांना काही बोलली नाहीस. तुझ्या मनातही कुठंतरी ते आहे. तू जगणं घरातल्या इतर सगळ्यांच्या जगण्यानंतर मोजतेस. आईही तसंच मोजायची.

मानसोपचारतज्ज्ञांनी मला एकट्याला आत बोलावलं. कुणाचा दबाव आहे का, पैसे ठरलेत का, लहानपणी बहिणीनं सांभाळलं म्हणून फेडताय का, असं सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नावर मी थोडा थांबलो. मग सांगितलं, फेडायचं म्हटलं तर एका किडनीनं काय होणार? मला माझी बहीण हवी आहे म्हणून देतोय. त्यांनी हेही सांगितलं की अगदी ऑपरेशन थिएटरच्या दारातूनही मला मागं फिरता येईल, आणि घरी काय सांगायचं ते डॉक्टर बघून घेतील. म्हणजे माझ्यावर जबरदस्ती होतेय ही तुझी शंका तपासून झाली आहे. हिची संमती आहे का तेही विचारलं. ही माझ्याबरोबर आली होती, आत जाऊन स्वतः बोलली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. बाहेर आली ती तुझ्यासाठी पुण्यात घर कुठं बघायचं, हॉस्पिटलपासून किती लांब चालेल, याचंच बोलायला लागली. पोरींना आम्ही सांगितलंय. धाकटीनं विचारलं, आत्याला दुखेल का.

पेपरात कधी-कधी बातमी येते, भावानं दिली बहिणीला अनोखी ओवाळणी. तू आमच्यापुढं हा शब्द काढू नकोस, आणि कुणी काढला तर सांग की ओवाळणी दरवर्षी मिळतेच.

१९५४ ची एक हकिकत तुला ठाऊक असावी. त्या वर्षी २३ डिसेंबरला बोस्टनमध्ये जोसेफ मरे या सर्जननी माणसात पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे जुळे भाऊ, तेविशीतले. रिचर्डच्या किडन्या गेल्या होत्या. असं काही जगात कधी धड झालेलं नव्हतं, निरोगी माणसाच्या पोटाला हात लावायचा की नाही यावरच डॉक्टरांची झोप उडाली होती. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रिचर्डनं भावाला चिठ्ठी पाठवली, इथून निघ आणि घरी जा. रोनाल्डनं उलटी चिठ्ठी पाठवली की मी आलोय आणि मी जाणार नाही. रिचर्ड पुढं आठ वर्षं जगला. शुश्रूषा करणाऱ्या नर्सशी त्यानं लग्न केलं, दोन मुली झाल्या. रोनाल्ड ७९ वर्षांचा होऊन २०१० मध्ये गेला. मरेंना १९९० मध्ये नोबेल मिळालं. मला यातली ती चिठ्ठी वाचून तू दिसलीस. त्या काळात नको म्हणण्याला कारण तरी होतं. आज पुण्यातलं आपलं हॉस्पिटल अशी ऑपरेशनं आठवड्याला करतं.

पैशाचं भाऊजी विचारतील. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली आहे, आणि आपलं हॉस्पिटल त्या यादीत आहे. वरचं आणि पुढच्या गोळ्यांचं मी आणि भाऊजी बघून घेतो. अप्पांनी बैल विकायची भाषा केली होती, त्यांना मी गप्प केलंय.

आता येताना काय आणायचं ते लिहितो, कारण यावरून फेऱ्या वाढतात. तुझं लग्नानंतरचं नाव आणि माहेरचं नाव वेगळं, तेव्हा आपण भावंडं आहोत हे कागदावर दिसलं पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला आण, त्यावर अप्पांचं नाव आहे. लग्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, आणि जुनं रेशनकार्ड अप्पांच्या पेटीत असेल तर तेही, त्यावर आपण सगळे एकत्र आहोत. मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स. सोन्याच्या वेळची सोनोग्राफीची फाइल फेकली नसशील तर आण. जेवणाचं काही करून आणू नकोस, हिनं तुझ्या पथ्याचं सगळं विचारून ठेवलंय, भाज्या दोनदा पाणी बदलून उकडते. गुरुवारी सकाळच्या सांगली-पुणे गाडीत बस, शुक्रवारी दोघांची एकत्र मुलाखत आहे, व्हिडिओ काढतात तिची. त्यात तुला विचारतील, तुम्हाला ही किडनी घ्यायची आहे का. तेव्हा "बघू" म्हणू नकोस.

मी स्वारगेटला घ्यायला येतो.

तुझा,
धाकटा